पंगत आणि प्रेषित

(बोरिवली येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



ख्रिस्ताचे आरंभीचे प्रेषित आणि त्यांच्या पंथाचा प्रसार हा विषय या व्यासपीठावर कशासाठी, असे काही श्रोत्यांनी संयोजकांना विचारल्याचे मला समजले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर याच बोरिवलीत, मंडपेश्वराच्या गुंफेत आहे. सुमारे सहाव्या शतकात पाशुपत शैवांनी कोरलेले हे लेणे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल, पण पाहिले म्हणजे निरखले असे नव्हे. एका भिंतीवर मूळ शिल्प तासून काढून मोठा क्रूस कोरलेला आहे. वर, डोंगराच्या माथ्यावर, पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. गुंफेतला नटराज मात्र पुष्कळ अंशी शाबूत राहिला.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई आणि तिच्याबरोबर आपली ही साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन पंथाचा अंतोनियो द पोर्तो हा धर्मोपदेशक आला, आणि मंडपेश्वराचे चर्च झाले. हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आपण तो त्वेषाने सांगतो आणि तेथेच थांबतो. मला आज त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. चिमाजी अप्पांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले, मे १७३९ मध्ये वसई घेतली. पोर्तुगीज सैन्य गेले, गोरे पाद्री गेले, वसईच्या घंटा आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आजही पाहता येते. त्यानंतर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत पस्तीस वर्षे येथे मराठ्यांचे राज्य होते. तरीही वांद्रे, मरोळ, कुर्ले, मनोरी, गोराई, उत्तन येथील ख्रिस्ती गावे ख्रिस्तीच राहिली. तलवारीने माणसे त्या धर्मात गेली असतील, तर तलवार निघून गेल्यावर ती परत का आली नाहीत?

तलवार हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर शोधण्यासाठी पहिल्या शतकात जावे लागते.

'प्रेषित' हा शब्द आपण मराठीत फार चपखल योजला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच : धाडलेला, पाठवलेला माणूस. ही कल्पना या किनाऱ्याला तेव्हाही नवीन नव्हती, हे जाता जाता सांगतो. येशूच्या जन्मापूर्वी अडीचशे वर्षे पाटलिपुत्राहून भिक्षू चारी दिशांना धाडले गेले. आपल्या अपरान्तात, म्हणजे उत्तर कोकणात, जो आला त्याचे नाव महावंसात योन धम्मरक्खित असे दिले आहे. योन म्हणजे यवन, ग्रीक! सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. कान्हेरी आणि अंधेरीची कोंडिवटे लेणी हा त्या प्रसाराचाच विस्तार. आपल्या भूमीने आलेल्या प्रेषितांचे ऐकून घेतले, वाद घातला, काही स्वीकारले, काही सोडून दिले. धर्म सांगायला कोणी येणे हा आपल्याकडे कधी गुन्हा नव्हता.

आता येशूच्या प्रेषितांकडे पाहा. पीटर आणि त्याचा भाऊ अँड्र्यू गालिलीच्या सरोवरात जाळे टाकणारे कोळी. आपल्या भाषेत सांगायचे तर मनोरी-उत्तनच्या खाडीवरची माणसे. हाताशी राज्य नाही, खजिना नाही, विद्यापीठ नाही. पॉल मात्र वेगळा : तार्ससचा यहुदी, शिकलेला, रोमचा नागरिक, आणि पोटासाठी तंबू शिवणारा. येशूला त्याने हयातीत पाहिलेले नव्हते. उलट आरंभी तो या नव्या मंडळींचा छळ करणाऱ्यांत होता. पहिली तीन शतके या पंथाला राजाश्रय नव्हता, होता तो राजरोष. नीरोच्या काळी रोममध्ये माणसे मारली गेली. पीटर आणि पॉल यांचा शेवटही तेथेच झाला असे परंपरा सांगते. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली आणि ३८० मध्ये थिओडोशियसने तो साम्राज्याचा धर्म ठरवला. तोपर्यंत शहराशहरांतून त्याची मुळे खोल गेली होती. ती कशामुळे गेली?

माझ्या मते कळीचा प्रसंग जेवणाचा आहे. यहुदी धर्मातले आहारविषयक नियम आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याइतकेच कडक. इतर जातीजमातींच्या घरी जेवणे निषिद्ध. प्रेषितांच्या आरंभीच्या कार्याची जी हकीकत नव्या करारात आहे, तिच्यात पीटर याफा गावी एका सायमनच्या घरी उतरतो. हा सायमन कातडी कमावणारा. हा व्यवसाय त्यांच्याकडेही विटाळाचा मानला जाई, हे लक्षात घ्या. तेथे भर दुपारी, भूक लागलेली असताना, घराच्या धाब्यावर पीटरला दृष्टान्त होतो : आकाशातून एक चादर उतरते, तिच्यात सर्व प्रकारचे पशुपक्षी, आणि खा अशी आज्ञा. पीटर म्हणतो, मी अशुद्ध काही कधी खाल्लेले नाही. उत्तर येते की देवाने जे शुद्ध केले त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. पाठोपाठ एका रोमन सैनिकी अधिकाऱ्याचे, कर्नेलियसचे, बोलावणे येते आणि पीटर त्याच्या घरी जातो, राहतो. जेरुसलेमला परतल्यावर त्याची हजेरी घेतली जाते. आरोप काय? तू परक्यांच्या पंगतीला बसलास!

पुढे अँटिऑक शहरात, जेथे या मंडळींना प्रथम 'ख्रिस्ती' हे नाव पडले, हाच पीटर यहुदी नसलेल्यांसोबत जेवत असे. पण जेरुसलेमहून सनातनी विचारांचे काही जण आले, तेव्हा तो दबला आणि पंगतीतून उठून बाजूला बसू लागला. पॉलने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. ही हकीकत पॉलने स्वतः पत्रात लिहून ठेवली आहे. पंथाचा ज्येष्ठतम पुरुष, पण पंक्तिभेद केला म्हणून भर सभेत त्याची कानउघाडणी झाली, आणि ती धर्मग्रंथात कायम राहू दिली गेली! इ. स. ४९ च्या सुमारास जेरुसलेमला प्रेषितांची सभा भरली. येशूला मानण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागेल काय, सुंता करावी लागेल काय, हा तिच्यापुढचा प्रश्न. निर्णय झाला, नाही. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार वर्ज्य करा. बाकी तुम्ही आपापल्या रीतीने राहा.

ग्रीक माणूस ग्रीक राहिला, सीरियन सीरियन राहिला. गुलाम आणि मालक एका पाटावर आले. विधवांचे पोषण, निराधारांचे दफन, रोगराईत शुश्रूषा ही कामे नियमाने होऊ लागली. चौथ्या शतकात ज्युलियन या सम्राटाने जुने देवधर्म पुन्हा उभे करण्याचा यत्न केला. त्याची तक्रार अशी की हे लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात, आणि आमचे पुरोहित मात्र स्वस्थ बसतात. शत्रूने दिलेले हे प्रमाणपत्र आहे.

याचा अर्थ त्या पंथाचे सारेच आपल्याला पटावे असा नाही. आमचाच मार्ग खरा, बाकीचे देव खोटे, हा दावा प्रेषितांच्या वेळेपासून त्याच्यात आहे. एकाच सत्याला जाणते लोक अनेक नावांनी हाक मारतात असे मानणाऱ्या समाजाला तो मान्य होणे शक्य नाही. माझा मतभेद तेथे आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे बळ कशात होते ते न पाहणे हा शहाणपणा नव्हे.

आता भारताकडे वळू. थॉमस हा प्रेषित इ. स. ५२ मध्ये मलबारात उतरला अशी केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. परंपरा जुनी आहे. तिला त्या शतकातला लेखी पुरावा नाही. बार्थोलोम्यू या दुसऱ्या प्रेषिताचे नाव काही अभ्यासक आपल्या कल्याणशी जोडतात, इतर तो दावा मानत नाहीत. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकाने 'कल्याणा' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. चौदाव्या शतकातील ओदोरिक हा प्रवासी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे नोंदवतो. त्याच्या थोडे आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन पाद्री ठाण्यात तेथल्या मुसलमान अंमलदाराकडून मारले गेले होते. त्यांचे अवशेष जॉर्डेनस नावाच्या त्यांच्या सोबत्याने सोपाऱ्यास पुरले. ही पंधरा घरे हिंदूंच्या शेजारात निर्वेध नांदत होती. पोर्तुगीज येण्यापूर्वी येथला ख्रिस्ती असा होता : अल्पसंख्य, व्यापारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

पोर्तुगीजांबरोबर जो आला तो कॉन्स्टंटाइननंतरचा धर्म होता. त्याच्या मागे तोफ होती. १५५९ मध्ये हिंदू अनाथ मुले ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचा कायदा झाला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि त्याचा वचक उत्तरेत वसई-साष्टीपर्यंत पोहोचला. याहून बोलका कागद १७३६ सालचा आहे, चिमाजी अप्पांच्या स्वारीच्या आदल्याच वर्षीचा. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात तो चर्चिला आहे. नवख्रिस्त्यांनी काय करू नये याची ती लांबलचक यादी आहे : लग्नात ओव्या म्हणू नयेत, पानसुपारी देऊ नये, दारात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, चोळी घालू नये. इतकेच काय, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये! जेरुसलेमच्या सभेने सांगितले होते की परक्याच्या ताटात डोकावू नका. सतराशे वर्षांनी त्याच सभेचे वारस भातातले मीठ तपासत होते. पीटर आणि पॉल यांच्या मार्गावरून हे लोक किती दूर गेले होते, ते मोजायला याहून चांगले माप नाही.

मग प्रश्न अधिकच बिकट होतो. इतका जाच असताना, तो करणारे निघून गेल्यावरही माणसे परतली का नाहीत?

वसई-साष्टीच्या गावांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रात्री कोणी पाद्र्याने विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी प्यायले, आणि गाव बाटले. ही गोष्ट आपण पाद्र्याचे कपट म्हणून सांगतो. ऐकताना मला नेहमी वाटते की तिच्यातला पाव हा गौण आहे. पावाचा तुकडा पाण्यात विरघळतो, दोन दिवसांत विहीर निवळते. गाव बाटले ते पावाने नव्हे. शेजारच्या गावाने, जातपंचायतीने, ब्रह्मवृंदाने 'आता तुम्ही आमचे नाही' असे म्हटल्याने बाटले. पाद्र्याने दार ढकलले असेल, पण आतून कडी कोणी घातली?

याला पुरावा आपल्याच ठाणे जिल्ह्यातला आहे. इंग्रजी अमदानीतल्या, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये 'वरप' नावाच्या आगऱ्यांची नोंद आढळते. साष्टीतले हे ख्रिस्ती झालेले आगरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपण होऊन हिंदू धर्मात परतले. कोणी तलवार दाखवली नव्हती, कोणी लालूच दिली नव्हती. पण परतल्यावर काय? इतर आगरी त्यांच्याशी सोयरीक करीत ना. घरी परतलेल्या मुलाला आपण ओटीवर बसवले, माजघरात घेतले नाही.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकरांनी गोव्यात जाऊन हजारो ख्रिस्ती गावड्यांचा शुद्धिसंस्कार केला. परकी राजवटीत, तिच्या डोळ्यांदेखत केलेले ते धाडस होते; त्याचे मोल मी तसूभरही कमी करणार नाही. त्या गावड्यांना पुढे 'नवहिंदू गावडे' असे नाव पडले. शतक होत आले, तरी ते 'नव' नावापुढून गेलेले नाही. पॉल अँटिऑकच्या सभेत कशासाठी ओरडला होता, ते या दोन अक्षरांत कळते. मंत्र म्हणून संस्कार एका सकाळी उरकता येतो. पंगतीला पिढ्या लागतात.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना हे नेमके उमगले होते. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत त्यांनी शुद्धीबरोबर सहभोजने का लावून धरली? फेब्रुवारी १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडले, ते केवळ दर्शनासाठी नव्हे. देवळात शेजारी उभे राहणे सोपे आहे, ताटाशेजारी ताट मांडणे अवघड. त्या काळी त्यांना विरोध करणारे कोण होते? पाद्री नव्हते, मौलवी नव्हते. आपलेच होते.

विषयाची दुसरी बाजू भाषेची आहे आणि ती मला पंगतीइतकीच महत्त्वाची वाटते. येथे थोडा खुलासा हवा. साष्टी दोन आहेत : एक आपली, एक गोव्यातली. गोव्याच्या साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये भारतात आल्यानंतर चाळीस वर्षे काम करीत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांतला रुदोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारी राहून आलेला. चर्चच्या दृष्टीने ते हुतात्मे. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. आमच्या दृष्टीने हुतात्मे ते. अशा रक्ताळलेल्या भूमीत बसून स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये छापून निघाले. मराठीची थोरवी त्याने जितक्या प्रेमाने गायिली, तितक्या प्रेमाने त्या काळच्या फार थोड्या एतद्देशीयांनी गायिली असेल.

त्याच्यामागून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने प्रेषित पीटरवरच मराठी ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. तो १६२९ पासून गोव्यात छापला गेला आणि 'पीटर पुराण' या नावाने ओळखला जातो. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या चुकांचे खंडन असे म्हटले आहे, म्हणजे ग्रंथ आपल्यावर तुटून पडण्यासाठीच लिहिलेला. तरी गंमत पाहा. आपले खंडन करायलाही त्याला आपलाच छंद, आपलाच पुराणाचा घाट लागला. आणि ज्या राजसत्तेसाठी हे चालले होते तिला तेवढेही सोसले नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोला असे फर्मान काढले. स्टीफन्सच्या ग्रंथाची रोमन लिपीतली मराठी देवनागरीत वाचायला आपल्याला १९५६ साल उजाडावे लागले.

आपल्या साष्टीच्या ख्रिस्त्यांनी मात्र असल्या फर्मानांना भीक घातली नाही. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, मुख्यतः गोव्या-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या धर्मबंधूंपासून आपण वेगळे, मूळचे येथले, हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून. नाव इंग्रजी, बोली मराठी. त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. म्हाताऱ्या बायका लुगडे नेसत आल्या. इन्क्विझिशनने जे जे पुसायला सांगितले त्यातले किती टिकले, हे पाहायचे असेल तर त्यांच्या एखाद्या लग्नाला जा. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात कोंडिवट्याचे १५७९ सालचे चर्च छप्पर हरवून उभे आहे. १८४० च्या साथीनंतर ते सोडून गाव मरोळला सरकले. दगड ओस पडले, बोली सोबत गेली.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे नाव येथे घेतले पाहिजे. 'हरित वसई'च्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले, 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले, आणि बायबल सुबोध मराठीत आणले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली. मला ती कुरकुर समजली नाही. जो माणूस ज्ञानेश्वर-तुकाराम तोंडपाठ म्हणतो आणि येशूची गोष्ट मराठीत सांगतो, त्याला मराठीच्या मांडवात पाट मांडायचा नाही, तर कुणाला मांडायचा? २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांच्याशी वाद घालण्याजोगे बरेच होते. तो वाद मराठीत घालता आला असता, हेच महत्त्वाचे.

हे सारे सांगण्याचा रोख कुणाला गोड वाटावे असा नाही. आमिष दाखवून, आजारपणाचा वा अज्ञानाचा फायदा घेऊन होणाऱ्या धर्मांतराला विरोध झालाच पाहिजे. कायद्याने व्हावा, संघटनेने व्हावा. प्रेषितांच्या नावाने तसे करणाऱ्यांना त्यांच्याच पॉलची पत्रे वाचून दाखवावीत. पण ठाणे-पालघरच्या पाड्यांवर काम करणारे आपले कार्यकर्ते शहरात परतल्यावर सांगतात, त्याकडेही कान द्यावेत. पाड्यावरचा माणूस त्यांना विचारतो, तुम्ही आमच्याकडे जेवता, आम्ही तुमच्या घरच्या लग्नात पंगतीला बसायचे का? कार्यकर्ता हो म्हणतो. त्याच्या घरचे काय म्हणतात, ते त्या माणसाला बोलावल्यावरच कळेल.

वेळ संपत आली आहे असे अध्यक्षांनी सुचवले आहे. मंडपेश्वराला ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे. नटराजाचा पट आणि क्रूसाची भिंत या दोहोंसमोर आपण थांबू. प्रश्न आता विचारलेत तरी चालतील.